काचेच्या घरातील संसार

दिवाणखान्यातील मेजावर काचेची पेटी ठेवावी, तीत पाणी भरावे, चार रंगीत मासे सोडावे आणि पाहुण्यांनी येऊन ‘वा!’ म्हणावे, एवढ्यावर ज्यांची हौस भागते त्यांनी सिक्लिड कुळातील माशांच्या वाटेस जाऊ नये. हा मासा शोभेची वस्तू होऊन राहावयास तयार नसतो. त्याला घर लागते. आणि घर म्हणजे नुसते पाणी नव्हे, तर स्वतःच्या मालकीची जमीन. ती मिळाली की तो जोडीदार निवडतो, वाळू उकरतो, मालकाने हौसेने लावलेली पाणवनस्पती मुळासकट उपटून वर तरंगत ठेवतो, शेजाऱ्यांना कोपऱ्यात कोंडून मारतो, आणि मग एखाद्या सपाट दगडावर अंडी घालून त्यांच्यावर असा पहारा बसवितो की पाण्यात शिरलेल्या मालकाच्या बोटावर धावून जाण्यासही कमी करीत नाही. अशा जोडप्यास मनुष्याने आपल्या घरात जागा कशी करून दिली, आणि ती देताना त्याच्या कोणकोणत्या समजुती चुकीच्या ठरल्या, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

त्याचा आरंभ लंडन शहरात झाला. इंग्लंडात काचेवर जबर कर असे. तो १८४५ मध्ये उठला आणि काच मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या आटोक्यात आली. त्यापूर्वीच नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या एका डॉक्टराने बंद काचपात्रात नेचे जगवून दाखविले होते. पण पाण्याचा प्रश्न सोडविला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ च्या मे महिन्यात त्याने बारा गॅलनांच्या पात्रात दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. मासे प्राणवायु घेतात व कर्बाम्लवायु सोडतात, वनस्पती उजेडात नेमके उलट करते; तेव्हा दोघांनी एकमेकांस जगवावे असा हिशेब होता. हिशेब बरोबर, पण कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने डबक्यातील काही गोगलगायी आणून टाकल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. ही हकीकत त्याने १८५० मध्ये प्रसिद्ध केली. पाणी न बदलता मासे महिनोन्‌महिने जगतात ही गोष्ट त्या काळी चमत्कारासारखी वाटली.

पुढे गाडी भरधाव सुटली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये ‘मत्स्यगृह’ उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. गॉसचे पुस्तक वाचून समुद्रकाठी लोकांची झुंबड उडाली आणि खडकांवरील जीवसृष्टी ओरबाडली गेली. त्याच्या मुलाने पुढे ह्याचे दुःखाने वर्णन केले आहे. जर्मनीत ही हौस नेली ती एमिल रॉसमेस्लर याने. हा गृहस्थ १८४८ च्या क्रांतीत पडल्यामुळे प्राध्यापकी गमावून बसलेला. १८५६ मध्ये त्याने एका लोकप्रिय साप्ताहिकात ‘काचेतील तळे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि कारखान्यांच्या गावांतील शिक्षक, कारकून व कारागीर आपापल्या खिडकीत तळी मांडून बसले.

ह्या सर्वांच्या मनात एकच तत्त्व पक्के बसले होते: वनस्पती हा काचपेटीचा प्राण. वनस्पती आहे तर मासा आहे. वॉरिंग्टनचे समतोलाचे हे तत्त्व जवळजवळ धर्मवचनासारखे मानले गेले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हॅम्बुर्ग बंदरात उतरलेल्या जहाजांतून असा एक मासा आला, की ज्याला वनस्पती म्हणजे उपटून टाकण्याची वस्तू एवढेच ठाऊक होते.

त्याचे दक्षिण अमेरिकेतील नाव ‘चांचितो’. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ डुकराचे पिल्लू. वाळू उकरण्याची त्याची सवय पाहता नाव अगदी सार्थ. तो शास्त्रज्ञांना नवा नव्हता. ‘बीगल’ जहाजावरील प्रवासात चार्ल्स डार्विनने उरुग्वेतील माल्डोनादो येथे तो पकडला होता आणि लेनर्ड जेनिन्स याने १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. (हा जेनिन्स म्हणजे ज्याला डार्विनच्या आधी त्या जहाजावरील जागा देऊ केली होती आणि ज्याने आपल्या धर्मोपदेशकाच्या कामासाठी ती नाकारली, तोच. स्वतः गेला नाही. दुसऱ्याने आणलेल्या माशांना नावे देत बसला.) चांचितो थंडी बरीच सोसतो. ज्या काळी पेटीखाली तेलाचा किंवा स्पिरिटचा दिवा जाळून पाणी ऊन ठेवावे लागे, त्या काळी हा गुण लहान नव्हता. म्हणून युरोपातील हौशी घरांत विणीस आलेल्या पहिल्या सिक्लिडांत त्याची गणना होते.

लोकांनी जे पाहिले त्याने ते थक्क झाले. त्यांना ठाऊक असलेला सोनमासा अंडी टाकून मोकळा होतो आणि संधी मिळाली तर तीच खातो. पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याने १८६९ मध्ये चीनमधून आलेल्या नंदनमाशाची वीण घरी करून दाखविली होती, व त्यात नर बुडबुड्यांचे घरटे बांधून पिल्ले राखतो हेही दिसले होते. परंतु तेथे मादीस नर हुसकून लावतो. चांचितोच्या घरी मात्र आई आणि बाप दोघेही होते. दोघे दगड घासून स्वच्छ करीत, दोघे अंड्यांवर परांनी वारा घालीत, फुटलेली पिल्ले तोंडातून उचलून वाळूतील एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात नेत, आणि ती पोहू लागली की त्यांचा थवा मध्ये घेऊन दोघे दोन बाजूंनी चालत. जत्रेत लेकरे सांभाळीत निघालेल्या आईबापांचे चित्र याहून वेगळे नसते.

पण वनस्पती? ती वर तरंगत होती. समतोलाच्या तत्त्वाप्रमाणे आता ह्या माशांनी गुदमरून मरावयास हवे होते. ते मेले नाहीत. अनेक वर्षे हा प्रकार ‘अपवाद’ म्हणून सोडून देण्यात आला. हळूहळू मापे घेतली गेली आणि कळले की पाण्यात प्राणवायु येतो तो मुख्यतः पृष्ठभागातून, हवेतून. पेटी उंच व अरुंद असली की मासे गुदमरतात, पसरट असली की सुखी राहतात, मग वनस्पती असो वा नसो. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स आट्झ याने समतोल मत्स्यालय ही एक दंतकथा असल्याचे उघड लिहिले. पाणी बिघडते ते बहुतांशी माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियामुळे. त्याचा निकाल वाळूवर व गाळणीवर वस्ती करणारे सूक्ष्म जंतू लावतात. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास जमिनीतील अशाच जंतूंचे कार्य उलगडले होते. वॉरिंग्टनच्या पात्रात त्याला न दिसणारे हे सेवक तेव्हाही राबत असले पाहिजेत. त्याने श्रेय दिले पानांना आणि गोगलगायींना!

आज एखाद्या कुटुंबास असे जोडपे पाळावयाचे असेल तर ह्या सर्व चुकांतून निघालेले शहाणपण आयते हाती आहे. नवख्यास सर्वांत सोयीचा म्हणजे मध्य अमेरिकेतील काळ्या पट्ट्यांचा सिक्लिड; त्या पट्ट्यांमुळे इंग्रजीत त्याला ‘कैदी’ म्हणतात. एका जोडप्यास सुमारे अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितकीच उंच, म्हणजे १०० लिटरांच्या आसपासची पेटी पुरते. भरल्यावर तिचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते. तेव्हा ती डळमळत्या मेजावर किंवा ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवू नये. तळाशी दोन बोटे धुतलेली वाळू, आडवी ठेवलेली मातीची कुंडी, एकदोन सपाट दगड. दगड वाळूवर नव्हे, काचेवर टेकवून ठेवावे. हे मासे खालून वाळू उपसतात आणि दगड कोसळून पिल्ले चिरडतात. हवेच्या लहानशा पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी उत्तम, कारण तीत पिल्ले ओढली जात नाहीत. पाण्याची उष्णता २५ ते २७ अंश ठेवावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेटी मांडली त्याच दिवशी मासे आणू नयेत. त्या सूक्ष्म जंतूंची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, व त्यांना तोवर थोडाथोडा अमोनिया पुरवावा लागतो. घरातील मुलांची ह्या काळात फार चुळबुळ होते. तिला बळी पडून घाई केलेल्या घरांत पहिल्या पंधरवड्यातच मासे मरतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो.

जोडपे बाजारातून ‘नर एक, मादी एक’ असे विकत आणणे हा जुना प्रमाद आहे. पसंती त्यांची त्यांनी करावयाची असते. अनुभवी लोक सहा लहान मासे मोठ्या पेटीत एकत्र वाढवितात. काही महिन्यांत त्यांतील दोघे एक कोपरा धरून बाकीच्या चौघांना पळवू लागतात. तेव्हा त्या चौघांची दुसरीकडे सोय लावावी. ह्या जातीत मादी लहान असते व तिच्या पोटावर नारिंगी खवले चमकतात. नर जर तिला झोडपू लागला, तर मध्ये जाळीचा पडदा घालून त्यास मादीपुरते भोक ठेवण्याची युक्ती आहे. ती पलीकडे जाऊ शकते. धिप्पाड नवरा अडतो. हा पडदा म्हणजे चैन नव्हे. बंद पेटीत पराभूत माशाला पळून जाण्यास नदी नसते, आणि बहुतेक माद्या विणीआधी मरतात त्या रोगाने नव्हे, मारानेच.

सर्व जुळले तर कुंडीच्या आतील बाजूस शेदोनशे अंडी दिसतात. सुमारे तीन दिवसांत ती फुटतात. पिल्ले काही दिवस नुसती वळवळत पडतात, अंगच्या बलकावर जगतात, आणि आठवडाभराने पोहू लागतात. मग त्यांना खाण्यास काय द्यावे? ह्या प्रश्नावर पूर्वी हजारो पिल्ले उपाशी मेली. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील अल्विन सील याने मिठागरांत आढळणाऱ्या आर्टेमिया नावाच्या इवल्याशा कोळंबीवजा जीवाचा उपाय सुचविला. त्याची वाळलेली अंडी डबीत कित्येक वर्षे टिकतात आणि मिठाच्या पाण्यात टाकली की दीड दिवसाच्या आत जिवंत अन्न तयार होते. घरगुती विणीच्या इतिहासात काचेवरील कर उठण्याखालोखाल ह्या डबीचे उपकार असावेत.

आता ज्या प्रश्नावर हौशी मंडळींचे दोन तट पडले तो पाहू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ॲमेझॉनच्या खोऱ्यातून देवदूतमासा युरोपात आला. चंद्रकोरीसारखे पंख, भाव सोन्याचा. तो उभ्या पानावर किंवा पाटीच्या तुकड्यावर अंडी घाली आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी स्वतःच ती खाऊन टाकी. एवढे पैसे पाण्यात गेलेले कोणाला पाहवतील? तेव्हा अंडी घातलेले पान उचलून निराळ्या भांड्यात ठेवावे, आईबापांऐवजी हवेच्या बुडबुड्यांनी वारा घालावा, बुरशी येऊ नये म्हणून निळे औषध टाकावे, अशी पद्धत रूढ झाली. व्यापाराच्या दृष्टीने ती यशस्वी झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. आज दुकानांत दिसणारे बहुतेक देवदूतमासे आईबाप न पाहिलेलेच असतात. परंतु दुसरा तट म्हणतो की पहिल्या दोनतीन विणी फुकट जाऊ द्याव्या. तरुण जोडपे चुकते आणि शिकते. पेटी शांत जागी असली, समोर सतत माणसे उभी राहिली नाहीत, तर तेच मासे पुढे पिल्ले नीट वाढवितात. दोन्ही पक्षांकडे अनुभव आहे. पण कोणत्या पक्षाकडे निसर्ग आहे, हे दुसऱ्याच एका माशाने दाखवून दिले.

तो म्हणजे थाळीसारखा गोल डिस्कस. तो विणीस येई, अंडी फुटत, आणि काळजीपूर्वक वेगळी काढलेली पिल्ले उत्तमोत्तम अन्न पुढ्यात असूनही मरून जात. कोडे सुटले तेव्हा उत्तर साधे निघाले. डिस्कसची पिल्ले प्रथम आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्रावावरच जगतात. त्या काळात मातापित्यांच्या कातडीतून हा स्राव विशेष पाझरतो आणि पिल्ले त्यांच्या अंगाला लुचल्यासारखी चिकटतात. एक थकला की दुसरा पुढे होतो. हिल्डेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध केले. म्हणजे ज्यांनी पिल्लांना ‘वाचविण्यासाठी’ वेगळे केले, त्यांनीच त्यांच्या तोंडचा घास काढला होता.

काचपेटीतील ह्या संसारांकडे शास्त्राचे लक्ष त्यापूर्वीच गेले होते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या नोबल व कर्टिस यांनी आफ्रिकेतील रत्नमाशाच्या जोडप्याच्या पहिल्याच विणीत अंड्यांची अदलाबदल केली. परक्या जातीची पिल्ले वाढविलेले जोडपे पुढे स्वतःच्या जातीची पिल्ले शत्रू समजून खाते, असे त्यांना आढळले. इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल तसाच आला नाही, हेही सांगितले पाहिजे. हॉलंडातील बेरेंड्स पतिपत्नींनी सिक्लिडांच्या वर्तनावरील मोठा ग्रंथ १९५० मध्ये काढला. जोडप्याने जोडप्यांचा केलेला हा अभ्यास. पण सामान्य वाचकांच्या लक्षात राहिली ती कॉन्राड लोरेंट्स याने १९४९ च्या पुस्तकात सांगितलेली एक संध्याकाळची गोष्ट. अंधार पडू लागला होता, रत्नमाशांची आई पिल्ले घरट्यात निजवीत होती आणि बाप वाट चुकलेली पिल्ले तोंडातून आणून सोडीत होता. इतक्यात खावयास टाकलेल्या गांडुळाचा तुकडा त्याने तोंडात घेतला. आणि त्याच क्षणी समोरून एक चुकलेले पिल्लू गेले. त्याने धावून तेही तोंडात घेतले. आता एक वस्तू पोटात जावयाची, दुसरी घरट्यात. मासा जागच्या जागी खिळला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ सावकाश खाल्ले, आणि पिल्लू उचलून घरी नेऊन पोचविले. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजविल्या, असे लोरेंट्स लिहितो. ह्याला विचार म्हणावे की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा.

हे कुळ सर्वस्वी परदेशी आहे असा समज असेल तर तो काढून टाकावा. गोव्यातील खाड्यांत मिळणारे आणि तेथील स्वयंपाकघरात मानाने शिजणारे कालुंदर हा सिक्लिडच. त्याचे शास्त्रीय नाव बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टराने १७९० मध्ये सुरत शहरावरून ठेवले. केरळात तोच करिमीन, व २०१० पासून त्या राज्याचा मानाचा मासा. त्याचा नारिंगी रंगाचा धाकटा भाऊबंद तर घरगुती पेटीसाठी कोणत्याही अमेरिकन माशाइतकाच योग्य आहे. त्याचीही पिल्ले मातापित्यांच्या अंगावरील स्राव टिपतात. तो कालुंदराच्या अंगावरील कीड वेचून त्याची स्वच्छता करतो हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरचा पाहुणा ओळखीचा नाही आणि परका मात्र महाग, असे आपल्याकडे अनेक बाबतींत घडते. उलट १९५२ मध्ये हिंदुस्थानात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया तळ्याधरणांत मोकाट पसरला. उजनीच्या जलाशयावर त्याच्या जातीस ‘चिलापी’ म्हणतात. मादी अंडी तोंडातच उबविते, त्यामुळे एका मादीने कोठेही संसार थाटावा. कंटाळा आला म्हणून पेटीतील मासे ओढ्यात सोडणाऱ्यांनी ही चिलापी डोळ्यांपुढे आणावी.

मोकाट सोडलेला मासा काय करू शकतो याचे भयंकर उदाहरण आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे. तेथे १९५० नंतरच्या काळात नाईल पर्च हा मोठा भक्षक सोडण्यात आला. १९८० नंतर त्या सरोवरातील सिक्लिडांच्या शेकडो जातींचा ऱ्हास झाला, व काही जाती केवळ प्रयोगशाळांच्या आणि हौशी लोकांच्या पेट्यांतून जिवंत राहिल्या.

आणि २०१३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने, जेथे १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले होते त्याच संस्थेने, जगातील घरगुती मत्स्यपालकांना एक विलक्षण विनंती केली. मादागास्कर बेटावरील मांगाराहारा नदीतील एका सिक्लिडाचे तीनच मासे उरल्याचे तेव्हा ठाऊक होते: दोन लंडनमध्ये, एक बर्लिनमध्ये, आणि तिन्ही नर. नदी धरणांमुळे आटली होती. बर्लिनमध्ये पूर्वी एक मादी होती, पण नराने तिला मारून टाकले होते. कोणाच्या घरच्या पेटीत ह्या जातीची मादी आहे काय, अशी ती विचारणा होती. कोणाच्याही पेटीत ती निघाली नाही. मात्र मादागास्करमधील एका व्यापाऱ्याने विनंती वाचून उत्तर पाठविले. त्याने सांगितलेल्या दिशेने शोधक गेले, आणि कित्येक ओढे रिकामे पाहिल्यावर नदीपासून तुटलेल्या एका लहानशा प्रवाहात त्यांना अठरा मासे सापडले. ते त्याच बेटावरील एका मत्स्यपालन केंद्राच्या टाक्यांत हलविण्यात आले. त्यांत माद्याही होत्या.